मोल : भुईखालचा शिकारी



इंग्रजीच्या धड्यात ‘मोल’ हा शब्द आला की आपली पंचाईत होते. शब्दकोश उघडावा, तर एका कोशात ‘चिचुंद्री’ दिलेले असते, हिंदी कोशात ‘छछूंदर’, आणि एखाद्या गाइडात नुसतेच ‘उंदरासारखा एक प्राणी’. त्यात या शब्दाचे अर्थही बरेच. अंगावरचा तीळ म्हणजे इंग्रजीत मोल. रसायनशास्त्राच्या तासाला गणिते सोडवताना येतो तोही मोल. शत्रूच्या कचेरीत वर्षानुवर्षे सज्जनासारखी नोकरी करून आतून पोखरणारा हेर, तोही मोलच. मराठीत मोल म्हणजे किंमत, ते आणखी वेगळे. यांपैकी हेराला हे नाव ज्या प्राण्यावरून मिळाले, त्या प्राण्याला मराठी बोलीत स्वतःचे नावच नाही. कारण साधे आहे. तो आपल्या भागात राहत नाही. माळव्यात नाही, महाराष्ट्रात नाही, सबंध दख्खनच्या पठारावर नाही. ज्याला कधी पाहिलेच नाही, त्याला नाव कोण ठेवणार?

भारतात मोल आहेत, पण ते पार पूर्वेकडच्या डोंगराळ भागात. दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूला हिमालयी मोल आणि आसाम-मेघालयाकडे पांढऱ्या शेपटीचा मोल. या दुसऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५० साली केले, आणि त्यांच्याकडचा नमुना चेरापुंजीचा होता. ज्याचा अभ्यास मात्र शेकडो वर्षे झाला, तो युरोपातला मोल. इंग्लंडपासून रशियापर्यंतच्या कुरणांत आणि बागांत तो सर्रास आढळतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचीच माहिती देत आहे. नावाच्या गोंधळाची झळ आपल्याच घरातल्या एका निरुपद्रवी प्राण्याला कशी बसते, तेही ओघात येईल.

उंदीर नव्हे, चिचुंद्रीही नव्हे

उंदीर, घूस, खार हे सगळे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सारखे काहीतरी कुरतडावे लागते. मोलच्या तोंडात ४४ दात असतात आणि ते बारीक, टोकदार असतात. धान्य दळायला ते निरुपयोगी, पण बुळबुळीत गांडूळ घट्ट धरायला उत्तम. मोल दाणा, मूळ, कंद यांपैकी काहीच अन्न म्हणून खात नाही. तो मांसाहारी आहे. गांडुळे हे त्याचे मुख्य अन्न, आणि सोबतीला जमिनीतल्या अळ्या व किडे.

चिचुंद्री त्याच्या नात्यातली आहे, पण दूरच्या. मोल, चिचुंद्री आणि हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी (हा म्हणजे साळिंदर नव्हे) हे तिघे प्राणिशास्त्रात एकाच गणात मोडतात. म्हणजे आपले कोशकार अगदीच भरकटले असे म्हणता येणार नाही. त्यांनी चुलत बहिणीच्या नावावर काम भागवले एवढेच. परंतु चिचुंद्री जमिनीवर, भिंतीच्या कडेकडेने पळते, तर मोलचे जवळजवळ सगळे आयुष्य जमिनीखाली जाते. दोघांची शरीरे शेजारी ठेवली तर हा फरक एका नजरेत कळतो.

मोलची लांबी ११ ते १६ सेंटिमीटर आणि वजन ७० ते १३० ग्रॅम, म्हणजे साधारण एका मध्यम कांद्याएवढे. अंग लोडासारखे गोल, मान जवळजवळ नाहीच. बाहेर दिसणारे कान नाहीत. डोळे मोहरीहून लहान आणि केसांत लपलेले. लोक त्याला आंधळा म्हणतात, पण युरोपातला हा सामान्य मोल आंधळा नाही. उजेड-अंधार त्याला कळतो, हालचाल जाणवते. दक्षिण युरोपात मोलची एक वेगळी जात आहे, तिचे डोळे मात्र खरोखरच कातडीने झाकलेले असतात.

अंगावरची लव काळी, आखूड आणि मखमलीसारखी असते. मांजरीच्या पाठीवरून उलटा हात फिरवला तर केस उभे राहतात आणि तिला ते आवडत नाही. मोलच्या केसांना अशी उलट-सुलट बाजूच नसते. ते पुढेही वळतात आणि मागेही. त्यामुळे अरुंद बोगद्यात त्याला जितक्या सहज पुढे जाता येते, तितक्याच सहज उलटेही सरकता येते. मागे सरकताना उभी धरलेली छोटी शेपटी बोगद्याच्या छताला लागत राहते आणि तिच्यावरचे केस वाटेचा अंदाज देतात. अंधारात भिंत चाचपत जाणाऱ्या माणसाच्या हातासारखेच ते काम आहे.

हात की फावडे?

मोलचे खरे वैभव त्याच्या हातांत आहे. पुढचे दोन्ही पंजे रुंद, केसविरहित, आणि तळवे बाहेरच्या बाजूला वळलेले असतात. नखे लांब व दणकट. दंडाचे हाड इतर प्राण्यांत लांबट नळीसारखे असते. मोलचे हे हाड मात्र आखूड आणि चपटे, जवळजवळ चौकोनी असते, कारण खणणारे भले मोठे स्नायू बसवायला त्याला जागा हवी. छातीच्या हाडालाही पक्ष्यांप्रमाणे मधोमध उंच कणा असतो.

त्याच्या हाताची बोटे मोजली तर पाच भरतात, पण अंगठ्याच्या बाहेर आणखी एक काहीतरी असते. ते विळ्यासारखे वाकलेले हाड आहे. त्याला सांधे नाहीत, नख नाही. झुरिक विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मोलच्या गर्भाचा अभ्यास करून २०११ साली दाखवून दिले की, हे बोट नव्हे, तर मनगटाजवळच्या एका छोट्या हाडाची वाढ आहे. चीनमधल्या पांडालाही असाच खोटा अंगठा असतो. पांडा त्याचा उपयोग बांबू धरायला करतो, मोल फावड्याचे पाते रुंद करायला.

खणताना तो मागच्या पायांनी बोगद्याच्या भिंतींना रेटा देऊन अंग घट्ट बसवतो आणि एकेका हाताने माती बाजूला लोटतो. पोहणारा माणूस पाणी मागे सारतो, तशीच ही हालचाल दिसते. (खऱ्या पाण्यातही मोल चांगला पोहतो, पूर आला की ते त्याच्या कामी येते.) जमिनीच्या अगदी वरच्या थरात असेल तर माती दाबून वर उचलली की भागते. त्या वेळी वरून फक्त एक फुगलेली रेघ दिसते. खोल खणताना मात्र सुटलेली माती कुठेतरी टाकावीच लागते. मग तो वरच्या दिशेने एक नळी काढतो आणि मातीचे लोट वर ढकलतो. हिरव्या कुरणावर ओळीने दिसणारे मातीचे ढीग ते हेच. क्षुल्लक गोष्टीचा बाऊ करणाऱ्याला इंग्रजीत ‘मोलच्या ढिगाचा डोंगर करू नकोस’ असे म्हणतात. आपल्याकडे राई आहे, मोल नाही, म्हणून आपण राईचा पर्वत करतो.

घर कमी, सापळा जास्त

बीळ म्हटले की आपल्यासमोर घर येते, लपण्याची, झोपण्याची जागा. मोलच्या बोगद्यांकडे तसे पाहिले तर त्याचे सगळे वागणे कोड्यासारखे वाटते. एवढासा प्राणी, एकटा राहणारा, त्याला इतका पसारा कशाला? त्याचे उत्तर असे की, हे बोगदे म्हणजे जमिनीत आडवे लावलेले जाळे आहे. ते साधारण पाच सेंटिमीटर रुंदीचे असतात, गवताच्या मुळांपासून ते एक मीटर खोलीपर्यंत. गांडुळे मातीतून वाट काढत असतात. ती चालता चालता या पोकळीत येऊन पडतात. मोल आपल्या ठरलेल्या वाटांवर फेऱ्या मारतो आणि पडलेले गोळा करतो. कोळ्याने जाळे विणून बसावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून तर जुनी, चांगली गांडुळे देणारी बोगद्यांची वसाहत मिळाली की मोल फारसे नवे खणत नाही. ज्या मातीत गांडुळे कमी, तिथे त्याला अधिक खणावे लागते आणि वर ढीगही अधिक दिसतात. कुरणावर ढीग जास्त म्हणजे मोल जास्त, असा हिशेब करणारे बरेचदा फसतात ते यामुळे.

एक मोल दिवसाला जवळजवळ आपल्या वजनाच्या निम्मे अन्न खातो. चाळीस किलो वजनाच्या मुलाने याच हिशेबाने जेवायचे ठरवले तर रोज वीस किलो पोहे लागतील, आणि मग इंदूरच्या पोहेवाल्यांचेही धाबे दणाणेल. गांडूळ हाती लागले की तो ते एका टोकाकडून खायला लागतो आणि खाता खाता पंजांमधून ओढत जातो, त्यामुळे गांडुळाच्या पोटातली माती पिळून बाहेर पडते. जास्तीची गांडुळे तो साठवतो. डोक्याच्या बाजूला एक चावा घेतला की गांडूळ मरत नाही, पण त्याला पळताही येत नाही. अशी जिवंत, ताजी गांडुळे त्याच्या कोठारात रचलेली असतात. एका कोठारात ४७० गांडुळे सापडल्याची नोंद आहे. वाचायला हे क्रूर वाटते. पण युरोपात हिवाळ्यात वरची माती गोठते, गांडुळे खोल जातात, आणि मोलला शीतनिद्रा माहीत नाही. त्याला रोज जेवायला लागतेच.

शेतकऱ्याचा मित्र असलेल्या गांडुळालाच हा खातो, मग तो शत्रूच नव्हे का, असे कुणी विचारील. माझ्या मते हा प्रश्न उलट बाजूने पाहायला हवा. जिथे भरपूर गांडुळे आहेत, तिथेच मोल टिकतो. आम्लधर्मी किंवा नापीक, रेताड जमिनीत तो फारसा दिसत नाही. तेव्हा कुरणात मोल आहे याचा अर्थ खालची माती जिवंत आहे.

डार्विनला पडलेला प्रश्न

गांडूळ मात्र गप्प बसून मरत नाही. चार्ल्स डार्विन यांनी आयुष्याच्या शेवटी, १८८१ साली, गांडुळांवर एक पुस्तक लिहिले. जमीन हादरली की गांडुळे बिळातून बाहेर का येतात, याची चर्चा त्यात आहे. मोल आला असे समजून ती पळत असावीत, ही समजूत त्यांनी तिथे नोंदवली. पुढे सव्वाशे वर्षे ही गोष्ट तशीच राहिली.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या अपलाचिकोला जंगलाच्या परिसरात काही कुटुंबांचा एक जुना धंदा आहे. मासे पकडायला गळाला लावायची गांडुळे ते पकडून विकतात. त्यासाठी ते खणत नाहीत. एक लाकडी खुंटी जमिनीत ठोकतात आणि तिच्या डोक्यावरून लोखंडाची जड पट्टी घासतात. खुंटीतून घरघर असा आवाज निघतो, आजूबाजूची जमीन थरथरते, आणि काही मिनिटांत शेकडो गांडुळे आपण होऊन वर येतात. मग ती वेचून डब्यात भरायची. ती वर का येतात, हे या लोकांना ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यांचे काम होत होते.

केनेथ कटानिया या शास्त्रज्ञाने २००८ साली या गोष्टीचा छडा लावला. त्या जंगलात मोल भरपूर आहेत, हे त्याने आधी पाहून घेतले. मग मातीने भरलेल्या पेटीत गांडुळे ठेवून तिच्यात एक मोल सोडला. मोल खणू लागताच गांडुळे भराभर पृष्ठभागावर येऊन पळू लागली. मोलच्या खणण्याने आणि खुंटी घासण्याने जमिनीत उठणारी कंपने त्याने नोंदवली, तर ती बऱ्याच अंशी जुळणारी निघाली. म्हणजे डार्विनच्या पुस्तकात आलेली समजूत बरोबर होती. मोल शिकारीच्या मागे जमिनीवर येत नाही, त्यामुळे वर पळणे हाच गांडुळाचा बचाव. खुंटी घासणारा माणूस नकळत मोलचे सोंग घेत होता.

हे सोंग घेणारा माणूस एकटाच नाही. समुद्रकाठचे कुरव पक्षी गवतावर उभे राहून पायांनी थपथप थपथप नाचतात आणि वर आलेले गांडूळ टिपतात. उत्तर अमेरिकेतले एका जातीचे कासवही पाय आपटून हेच करते. मग गांडुळे शहाणी का होत नाहीत? त्यांच्या बाजूने पाहिले तर हिशेब चोख आहे. मोलशी गाठ रोजची, नाचणारा पक्षी क्वचित कधीतरी. दर थरथरीला ‘मोल आला’ असे समजणारे गांडूळ बहुतेक वेळा वाचते.

नाकाने पाहणारा

अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही, मग वाट आणि शिकार कळते कशी? मोलच्या गुलाबी, केस नसलेल्या नाकाच्या टोकावर सूक्ष्म पुटकुळ्यांसारखे असंख्य उंचवटे असतात. थिओडोर आयमर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७१ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना आयमरची इंद्रिये म्हणतात. ही स्पर्शाची इंद्रिये आहेत. आपण ब्रेल लिपी बोटांनी वाचतो तसे मोल नाकाने माती वाचत जातो, असे म्हणता येईल.

उत्तर अमेरिकेच्या दलदलीत एक तारकानासिका मोल आहे. हे नाव मीच मराठीत केले आहे, कुणाला याहून बरे सुचल्यास जरूर कळवावे. त्याच्या नाकाभोवती चांदणीसारखी २२ मांसल बोटे असतात आणि त्यांवर मिळून आयमरची २५ हजारांहून अधिक इंद्रिये. चित्रात पाहिले तर पहिल्यांदा किळस येते. पण हा प्राणी एखादा बारीक किडा चाचपून, ‘खाण्याजोगा’ असे ठरवून गिळेपर्यंत सरासरी पाव सेकंदसुद्धा घेत नाही.

वासाचेही तसेच. उजव्या-डाव्या कानांमुळे आपल्याला आवाजाची दिशा कळते. उजव्या-डाव्या नाकपुडीने वासाची दिशा कळते का? कटानियानेच २०१३ साली अमेरिकेतल्या सामान्य मोलवर हे तपासले. एक नाकपुडी बंद केली की मोल दुसऱ्या बाजूला ढळत ढळत जाई. छोट्या नळ्या लावून दोन्ही नाकपुड्यांचा वास उलटसुलट केला, तर खाऊच्या जवळ पोचूनही तो गोंधळे. म्हणजे त्याचे नाक दोन कानांसारखे काम करते.

कोंदट हवा, तीन पाळ्या आणि आक्रसणारे डोके

बंद बोगद्यातली हवा किती कोंदट असेल याची कल्पना करा. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याचा विसावा भागही नसतो. मोलच्या बोगद्यात ऑक्सिजन बराच कमी आणि कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट जास्त असू शकतो. अशा हवेत आपले डोके भणभणू लागेल. मोल तिथे मजुरी करतो. अमेरिकेतल्या सामान्य मोलच्या रक्तातील हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड वाहून बाहेर टाकण्यात विशेष तरबेज असते, असे २०१० मधील संशोधनात दिसून आले.

सूर्य दिसत नसल्यामुळे दिवस-रात्रीचे आपले वेळापत्रक त्याला लागू नाही. साधारण चार तास काम, चार तास झोप, पुन्हा चार तास काम, अशा चोवीस तासांत तीन पाळ्या. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना हे वेळापत्रक ओळखीचे वाटले असते.

मला स्वतःला सगळ्यात नवल वाटले ते हिवाळ्याच्या गोष्टीचे. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत जपलेल्या मोलच्या कवट्या महिन्यांच्या क्रमाने मोजल्या आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. युरोपातल्या मोलची कवटी हिवाळा सुरू होताना ११ टक्क्यांनी लहान होते आणि वसंतापर्यंत पुन्हा ४ टक्क्यांनी वाढते. हाड आणि मेंदू ही फार खर्चीक इंद्रिये. अन्न कमी मिळणार, तर खर्चच कमी करायचा. पण कारण फक्त अन्नटंचाई आहे की थंडी? हे पाहायला त्यांनी स्पेनमधल्या मोलच्या कवट्याही मोजल्या. तिथे अन्नाची टंचाई कडक उन्हाळ्यात असते, पण त्या मोलच्या कवट्या आक्रसत नाहीत. तेव्हा थंडीचा यात वाटा असलाच पाहिजे, असा अर्थ त्यांनी काढला.

एकलकोंडा

केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ सालच्या ‘द विंड इन द विलोज’ या पुस्तकातला मोल मित्रांत रमणारा, नावेतून सहलीला जाणारा आहे. खरा मोल याच्या अगदी उलट. तो आणि त्याचा शेजारी एकमेकांना टाळतात, आणि गाठ पडलीच तर भांडतात. फक्त वसंताच्या सुमारास नर आपले बोगदे लांबवत मादीच्या शोधात निघतो. सुमारे चार आठवड्यांनी मादीला तीन-चार पिल्ले होतात. सुक्या गवताच्या आणि पानांच्या घरट्यात जन्मलेली ती पिल्ले उघडी, गुलाबी आणि जेमतेम साडेतीन ग्रॅमची असतात. महिना-सव्वा महिन्यात ती घरट्याबाहेर पडू लागतात आणि पुढे आई त्यांना आपल्या हद्दीत राहू देत नाही. नवी जागा शोधायला त्यांना जमिनीवरून जावे लागते. तोपर्यंत भुईखाली सुरक्षित असलेला जीव तेव्हा प्रथमच घुबडाच्या आणि कोल्ह्याच्या तावडीत सापडतो. यातून वाचलेला मोल बहुधा तीनेक वर्षे जगतो.

माणसाशी गाठ

युरोपातल्या शेतकऱ्याचा मोलवर राग आहे, आणि तो सगळाच अनाठायी नाही. गवत कापायच्या यंत्राची पाती ढिगांमुळे बोथट होतात. ढिगांची माती गवताबरोबर मुरघासात गेली की तो नासतो, त्यात रोगजंतू वाढतात आणि गुरे आजारी पडतात. मोल मुळे खात नाही, पण खालून पोकळी झाल्यावर रोपे सुकतात. म्हणून गावोगाव मोल पकडणारे व्यावसायिक असत, इंग्लंडमध्ये ते आजही आहेत. त्याच्या मखमली कातड्यांचे कोट एके काळी फॅशनमध्ये होते. पुढे स्ट्रिक्निन हे जालीम विष गांडुळांना लावून बोगद्यात टाकू लागले. ते मरण फार यातनामय असते. ब्रिटनमध्ये मोलसाठी त्याचा वापर २००६ साली बंद झाला. जर्मनीत मोल संरक्षित प्राणी आहे. तिथे बागेत ढीग दिसले म्हणून त्याला मारता येत नाही, आणि २०२० साली तर तो तिथला ‘वर्षाचा प्राणी’ म्हणून निवडला गेला.

इतिहासातही त्याने एकदा डोके वर काढले. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम १७०२ साली घोड्यावरून पडला आणि त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. त्यातून तो सावरला नाही आणि काही दिवसांनी मरण पावला. घोडा मोलच्या ढिगाला अडखळला असे सांगतात. राजाच्या विरोधकांनी मग ‘काळ्या मखमली बंडीतल्या छोट्या गृहस्था’च्या नावाने पेले उंचावले.

उत्तर इंग्लंडमध्ये नॉर्थंबरलँड परगण्यात एपिआकम नावाचा रोमन किल्ला जमिनीखाली गाडलेला आहे. ते संरक्षित स्मारक असल्यामुळे परवानगीशिवाय तिथे एक फावडेही मारता येत नाही. मोलला परवानगी लागत नाही! गेल्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या स्वयंसेवकांनी रीतसर मंजुरी घेऊन फक्त मोलने वर टाकलेली माती चाळली. तिच्यातून रोमन काळच्या खापऱ्या, काचेचे तुकडे, खिळे निघाले, आणि एक छोटासा ब्राँझचा डॉल्फिनही निघाला.

मुलांच्या विश्वात मोलला सगळ्यात मोठा मान चेक लोकांनी दिला. झ्देनेक मिलर या चित्रकाराच्या ‘क्रतेक’ या छोट्या मोलचा पहिला कार्टूनपट १९५७ साली आला आणि पुढे तो जगभर गेला. २०११ साली त्याची बाहुली अमेरिकन अंतराळवीर अँड्र्यू फॉइस्टल याच्याबरोबर अवकाशातही जाऊन आली. भुईखालच्या प्राण्याचा हा प्रवास बराच उंच झाला म्हणायचा.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडचे. इंदुरात किंवा आसपासच्या शेतात भिंतीलगत, बांधाजवळ मातीचा ताजा ढीग दिसला तर तो मोलचा नव्हे, हे एव्हाना लक्षात आलेच असेल. तो बहुधा घुशीचा किंवा शेतातल्या उंदराचा असतो. घूस धान्य पळवते, पाया पोखरते, तिचा बंदोबस्त करणे भाग आहे. पण त्यासाठी ठेवलेल्या विषाच्या वड्यांवर आणि चिकट पुठ्ठ्यांवर बरेचदा सापडते ती चिचुंद्री, आणि ‘उंदीर मेला’ म्हणून ती टाकून दिली जाते. पालकांनी हा फरक पाहून ठेवावा. उंदराचे तोंड बोथट, कान मोठे आणि डोळे टपोरे असतात. चिचुंद्रीचे नाक लांब, टोकदार आणि सतत हलणारे, डोळे बारीक, शेपटी बुडाशी जाड, आणि रात्री चिक् चिक् असा आवाज. वास तर विसरता येत नाही. ‘छछूंदर के सिर में चमेली का तेल’ ही हिंदी म्हण त्या वासाशिवाय जन्मली नसती. मांजरसुद्धा तिला मारते, पण सहसा खात नाही.

ती झुरळे, रातकिडे, अळ्या खाते. स्वयंपाकघरात कधीतरी खरकटेही उचलते, पण पोती फोडत नाही आणि वह्या-पुस्तके कुरतडत नाही. किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची गोष्ट आहे, तिच्यात एक चुचुंद्रा येतो. खोलीच्या मध्यभागी यायचा त्याला धीर होत नाही, तो कडेकडेनेच फिरतो. हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. आत शिरलेल्या चिचुंद्रीला दार उघडून भिंतीच्या कडेने वाट करून दिली की ती स्वतःच निघून जाते. उघड्या हाताने मात्र तिला धरू नये, ती चावते, आणि कुठलाही रानटी प्राणी अंगावर रोगजंतू बाळगत असू शकतो. पावसाळ्याच्या दिवसांत नशीब असेल तर कधी तिची आगगाडी दिसते. पुढे आई, तिच्या शेपटीचे बूड तोंडात धरलेले पहिले पिल्लू, त्याचे धरलेले दुसरे, त्याचे तिसरे, आणि सगळी मिळून एका चालीने मोरीच्या भोकातून बाहेर पडतात.